खारावलेल्या वाफ्यातली तीन झाडे

एका राज्यात सात किल्ले होते, पाच नद्या होत्या, पण राजा मात्र नव्हता. सिंहासनावर लवणाक्ष नावाचा मांत्रिक बसला होता. वीस वर्षांपूर्वी त्याने राजा सुकेतू, राणी रत्नमाला आणि सेनापती वीरबाहू यांना शाप देऊन त्यांची झाडे केली होती. ती झाडे कुठे आहेत, हे प्रजेत कोणालाच ठाऊक नव्हते.

राजाची एकुलती कन्या वसुमती तेव्हा पाळण्यात होती. राजाची बहीण मंदाकिनी हिने, म्हणजे सेनापतीच्या पत्नीने, तिला नगराबाहेरच्या झोपडीत वाढवले. झोपडीपुढे मोठा वाफा होता. त्यात साठ झाडे होती. आत्या त्या वाफ्यात राबता राबता म्हातारी झाली आणि एके दिवशी शांतपणे गेली. वाफा वसुमतीकडे आला.

तेराव्या दिवशी वाफ्याच्या कडेची माती पांढरी पडली. वसुमतीने चिमूटभर जिभेवर ठेवली. ती खारट होती.

कुंपणावरची साळुंकी म्हणाली, "राजकन्ये, लवणाक्षाला या वाफ्याचा सुगावा लागला आहे. तीन दिवसांत खारे पाणी शेवटच्या मुळापर्यंत येईल. झाडे झालेली तुझी तीनही माणसे आत्याने इथेच लपवली आहेत."

"कोणती झाडे, ते सांग."

"सांगितले तर शाप कायमचा होईल. म्हणून तुझी आत्या वीस वर्षे गप्प राहिली. तुझे तूच ओळख. रोज एक झाड टेकडीवरच्या गोड मातीत ने. मुख्य मूळ तुटू देऊ नकोस. चुकीचे झाड खणलेस, तर तूही झाड होशील."

आईवडिलांचे चेहरे वसुमतीला आठवत नव्हते. पण आत्याचा हात तिला ठाऊक होता. वाफ्यात त्या हाताच्या खुणा शोधत ती वाकून हिंडू लागली.

प्रत्येक झाडावर जुन्या छाटणीचे व्रण होते. एका अनंतावर मात्र एकही नव्हता. आत्याने त्याचे फूलसुद्धा कधी खुडले नव्हते, गळलेले तेवढे वेचले होते. राजावर शस्त्र कोण चालवील? वसुमतीने मुळांशी पाणी सोडले, हातभर अंतर राखून गोल खणले, दिशा चुकू नये म्हणून पूर्वेकडच्या फांदीला कुंकू लावले. झाड हलवताना पाने छाटतात, पण तिलाही ती छाती झाली नाही. तिने झाडावर ओले वस्त्र पांघरले, मातीचा गोळा गोणपाटात बांधला आणि टेकडीवर कुंकू पूर्वेकडे करून झाड लावले.

दुसऱ्या दिवशी तिला दिसले की सारी झाडे उन्हाकडे कलली आहेत, आणि एक सोनटक्का मात्र झोपडीच्या खिडकीकडे. त्या खिडकीत तिचा पाळणा बांधलेला असे. तिने सोनटक्क्याचा गड्डा मातीसकट उचलला आणि लेकराला घ्यावे तसा छातीशी धरून नेला.

तिसऱ्या दिवशी काहीच सापडेना. दुपार कलली. खारे पाणी मधल्या ओळीपर्यंत आले. थकून ती एका मोगऱ्यापाशी टेकली, आणि तिच्या ध्यानात आले की ती जागा जणू बसण्यासाठीच घडवली आहे. तिथली जमीन खोलगट होती, गुळगुळीत झिजलेली. इथे कोणीतरी रोज बसत होते, वर्षानुवर्षे.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "सगळे तूच करून ठेवलेस."

मोगरा जुना होता, मुळे खोल होती. शेवटची वीतभर माती तिने नखांनी उकरली. बोटांना खारे पाणी झोंबू लागले, तेव्हा मूळ अखंड वर आले.

टेकडीवर तिसऱ्या झाडाला पाणी घालताच शाप सुटला. नगरात लवणाक्ष सिंहासनावरच मिठाचा झाला, आणि दासींनी ते मीठ झाडून काढले. टेकडीवर तीन माणसे उभी राहिली. राणीने वसुमतीला जवळ घेतले. राजाने लेकीचे रक्ताळलेले हात स्वतःच्या कपाळाला लावले.

वीरबाहू इकडेतिकडे पाहत होता. "मंदाकिनी कुठे आहे?"

"आतोबा, आत्या पंधरा दिवसांपूर्वी गेली."

तो तिथेच मातीत बसला. मग म्हणाला, "ती रोज संध्याकाळी माझ्यापाशी बसे. तू पहिले पाऊल टाकलेस, तुला ताप आला, सगळे सांगे. मला ऐकू येत होते. बोलता येत नव्हते."

राजाने सिंहासनाकडे जाण्याआधी फावडे मागवले. सारे नगर आले. उरलेली सत्तावन्न झाडे टेकडीवर आली, त्यातली चोपन्न जगली. मग सातही किल्ल्यांवर निशाणे चढली आणि राज्याचा कारभार पुन्हा सुरळीत चालू लागला.

मंदाकिनीची समाधी त्या बागेत बांधली. त्या दिवशी संध्याकाळी वीरबाहू तिथे जाऊन बसला. वीस वर्षांत तिने त्याला पुष्कळ विचारले होते. त्याने पहिल्या प्रश्नापासून उत्तरे द्यायला सुरुवात केली.