पोटातला खड्डा

फार पूर्वी, भुईमुगाच्या शेताच्या बांधात तुरतुऱ्या नावाचा उंदीर राहत होता. एके दिवशी घुबडाने त्याच्या दादाला उचललं आणि तुरतुऱ्याच्या पोटात खड्डा पडला. खड्डा पडला की बुजवायचा, एवढंच त्याला ठाऊक. तो पावसाळ्याची बेगमी खात सुटला. बीळ रिकामं होत आलं.

शेजारची साळिंदर मावशी म्हणाली, “अरे हावरटा, एवढी भूक?”

“भूक नाही गं मावशी. दादा गेल्यापासूनचा खड्डा बुजतच नाही.”

“तो शेंगांनी कसा बुजेल? दादाचं काहीतरी सांग मला.”

“दादा मोठा दाणा मला द्यायचा. म्हणायचा, माझा दात दुखतोय.” सांगता सांगता तुरतुऱ्या पोटभर रडला.

मग त्याला खरीखुरी भूक लागली. त्याने एकच शेंग फोडली आणि मोठा दाणा मावशीपुढे सरकवला.

“घे. माझा दात दुखतोय.”