शेवटी पिणारी

नद्यांवर अजून पूल झाले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. हत्तींच्या एका कळपात सावरी नावाची हत्तीण होती. मोठ्या दुष्काळात जन्मलेली, म्हणून अंगाने खुरटी राहिलेली. तिच्या वयाच्या सगळ्याच तशा. धिप्पाड पुढारीण भद्रा त्यांना कळपाच्या शेपटाला चालवायची. पाण्यावर आधी पुढारणीने प्यायचं आणि मग मानाप्रमाणे बाकीच्यांनी, अशी तिथली रीत होती.

एका वर्षी पाऊस आलाच नाही. भद्रा कळपाला घेऊन नेहमीच्या डोहावर आली, तर डोह कोरडाठाक. पिल्लांनी तिथेच बसकण मारली. भद्राला काही सुचेना.

"भद्राक्का, नदीच्या वळणावर वाळू उकरून बघू," सावरी म्हणाली. "लहानपणी आम्ही तशाच जगलो."

"वाळूत कुठलं पाणी?" भद्रा पुटपुटली, पण तिने वाट दिली.

खुरट्या हत्तिणींनी पायांनी, सोंडांनी दुपारभर वाळू उपसली. गुडघाभर खोल गेल्यावर ती ओली लागली आणि हळूहळू खड्ड्यात पाणी साठलं. सगळ्यांच्या जिवात जीव आला.

भद्रा बाजूला झाली. "पी. आता पुढारीण तू."

सावरीने जवळचं पिल्लू पाण्याकडे ढकललं. "आमच्या आया शेवटी प्यायच्या, आक्का. म्हणून आम्ही उरलो."

पिल्लं प्याली, आया प्याल्या, भद्रा प्याली, सावरीच्या सख्या प्याल्या. मग तळातलं गढूळ पाणी सावरी सावकाश प्याली.

तेव्हापासून त्या कळपाची पुढारीण ओळखायची असेल, तर पाण्यावर जावं आणि सगळ्यात शेवटी कोण पितं ते पाहावं.