घड्याळात उमटलेलं नाव

“शपथ मोडली तर काय होतं, उस्ताद?”

मैनुद्दीन उस्ताद अंगणातल्या बाजेवर बसून पेरू खात होते. एकेकाळी त्यांच्या जादूच्या खेळाला तंबू भरायचा. आता हात थरथरतात, म्हणून खेळ बंद. शिकवणं तेवढं चालू.

“कुठली शपथ?”

“आपली. खेळाचं गुपित शिष्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, ती.”

“मी कधी मोडून बघितली नाही. तुला घाई झालीय का?”

सर्वेश बाजेच्या कडेला टेकला. पोरगा हुशार. आपण हुशार आहोत हेही त्याला पक्कं ठाऊक, आणि तिथंच तर सगळी गंमत. उस्तादांनी उभी हयात पत्ते पिसण्यात घालवली. हा पठ्ठ्या मोबाईलवर जादू करायचा. हातचलाखी आता बघतंय कोण, असं उस्तादांच्या तोंडावर म्हणायचा. उस्ताद हसायचे. मी असतो तर कान उपटला असता.

आज मात्र त्याचं तोंड पार उतरलं होतं.

“परवा वाचनालयाच्या वर्धापनदिनाला नावाचा खेळ केला मी.”

“तो कुठला?”

“समोरच्यानं मनातल्या माणसाचं नाव माझ्या मोबाईलवर लिहायचं आणि पुसून टाकायचं. मग मी ते ओळखतो.”

“ओळखतोस?”

“म्हणजे… लिहितानाच ते माझ्या मनगटावरच्या घड्याळात उमटतं. तुम्हाला दाखवलंय की.”

“हां. चोरून वाचतोस. पुढं?”

“बालवाडीच्या एक निवृत्त बाई आहेत, पाटणेबाई. त्यांनी त्यांच्या मिस्टरांचं नाव लिहिलं. वारलेत ते. मी मोठ्यांदा म्हणालो, धोंडीराम!”

उस्तादांनी पेरूची फोड मिठाला लावली.

“उस्ताद, त्या बाईंनी उखाण्याशिवाय ते नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्या खालीच बसल्या. सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. मग मला चढली. म्हणालो, मावशी, ते तुमच्यावर रागावलेले नाहीत.”

“हेपण घड्याळात उमटलं होतं?”

सर्वेश घड्याळाचा पट्टा चाळवायला लागला.

“सांग की.”

“नाही…”

अंगणात कावळा ओरडत होता. उस्तादांनी बियांची चिमूट त्याच्याकडे भिरकावली.

“तेव्हापासून सारख्या येतात. त्यांना हे विचार, त्यांना ते विचार. मी टाळतोय. पण आज… त्यांच्या मुलीला, केतकीला, इचलकरंजीचं स्थळ आलंय. संध्याकाळपर्यंत होय की नाही कळवायचंय. केतकी नको म्हणतेय. बाई म्हणतात, तिच्या बाबांना विचारून सांग, ते म्हणतील तसं करते.”

“मग सांग की काहीतरी.”

“काय सांगू? मी त्या मुलाला बघितलंसुद्धा नाही!”

“धोंडीरामानं तरी कुठं बघितलंय?”

सर्वेशनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. त्याला खरंच रडू येत होतं.

“होय म्हणालो आणि पोरीचं वाटोळं झालं तर? नको म्हणालो आणि चांगलं स्थळ गेलं तर? खरं सांगावं तर शपथ आडवी येते. मीठ चाटून घेतलीय मी ती, याच बाजेवर. तुम्हीच दिलंत.”

“दिलं होतं.”

“त्या इकडंच येतायत, उस्ताद! घरी बाबांनी इथला पत्ता देऊन टाकला.”

“येऊ दे.”

आल्याच. पाटणेबाई फाटकातून आत शिरल्या त्या थेट सर्वेशसमोर येऊन उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले, हातात पिशवी, पिशवीत त्या मुलाचा फोटो.

“हे बघ बाळा, फोटो आणलाय. त्यांना दाखव. माझा नाही, पण तुझा शब्द ते ऐकतात.”

सर्वेशनं उस्तादांकडे पाहिलं. बुडणारा काठाकडे बघतो तसं.

उस्ताद म्हणाले, “बाई, बसा. हात पुढं करा.”

पाटणेबाईंनी हात पुढं केला. प्रसाद असावा असं त्यांना वाटलं.

उस्तादांनी पेरूच्या बशीतलं चिमूटभर मीठ त्यांच्या तळव्यावर ठेवलं.

“चाटा.”

“अहो, पण…”

“चाटा तर.”

त्यांनी चाटलं.

“म्हणा, कळेल ते शिष्याशिवाय कुणाला सांगणार नाही.”

“सांगणार नाही… पण कळायचं काय आहे?”

उस्ताद सर्वेशकडे वळले. “ही आता तुझी शिष्या. शिकव.”

सर्वेश नुसता बघत राहिला. मग एकदम उजेड पडला त्याच्या डोक्यात, आणि त्यानं असा काही श्वास सोडला की कावळा उडाला.

त्यानं मोबाईल काढला. घड्याळ उतरवून बाईंच्या समोर धरलं. काय लिहिलं की कुठं उमटतं, ते दाखवलं. एकदा दाखवलं, पुन्हा दाखवलं. बाईंनी स्वतः ‘केतकी’ लिहून बघितलं. घड्याळात ‘केतकी’ आलं.

त्यांनी घड्याळ उलटंपालटं करून बघितलं.

“म्हणजे… ते तुझ्याशी बोललेच नाहीत?”

“नाही, मावशी.”

“एक अक्षरही नाही?”

“नाही. ते कोण, कसे दिसायचे, मला काही माहीत नव्हतं. रागावलेले नाहीत, ते मी मनाचंच बोललो. चुकलं माझं. माफ करा.”

बाईंनी त्याच्या पाठीत असा सणसणीत धपाटा घातला की विचारू नका. सर्वेशनं मान खाली घातली. आता शिव्या येणार म्हणून वाट बघत राहिला.

शिव्या आल्या नाहीत.

बाई हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी, आणि हसतायत.

“हुश्श! गं बाई… परवापासून डोळ्याला डोळा नाही रे माझ्या! एवढा संसार केला मी त्यांच्याबरोबर. त्यांचं पथ्य, त्यांचा संताप, त्यांचं घोरणं, सगळं सोसलं. आणि बोलावंसं वाटलं ते या परक्या पोराशी? माझ्याशी का नाही? माझं काय चुकलं? हेच घोकत होते. मेल्या, आधी सांगायचं नाहीस?”

“शपथ होती, मावशी.”

“खड्ड्यात गेली तुझी शपथ.”

“तुम्हीही आत्ताच घेतलीत.”

“अगोबाई, हो की!”

उस्ताद तोंडाला पंचा लावून हसत होते.

बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि आपला फोन काढला.

“केतकी? मी बोलतेय. इचलकरंजीला नको म्हणून कळवते हं… कुणी सांगितलं म्हणजे? तूच सांगितलंस की, बाळा…”

पलीकडून जे आलं ते ऐकून बाई नुसत्या “हो, हो” म्हणत राहिल्या. फोटो त्यांनी पिशवीत परत ठेवला, नीट, कोपरे न दुमडता. त्या मुलाचा बिचाऱ्याचा काय दोष!

सर्वेश उठला. अंगावरचं ओझं उतरलं होतं, शीळ घालायची तेवढी बाकी होती. त्यानं घड्याळ घ्यायला हात पुढं केला.

“थांब,” उस्ताद म्हणाले. “शिकलेला खेळ गुरूंसमोर करून दाखवल्याशिवाय उठायचं नाही, अशी आपली रीत आहे. करा बाई.”

“मी? अहो, मला काय जमतंय!”

“करा.”

बाईंनी घड्याळ मनगटावर चढवलं. बालवाडीत उभ्या राहायच्या तशा ताठ उभ्या राहिल्या.

“हं. एक नाव लिही. आणि पूस.”

सर्वेशला हसू येत होतं. आपलाच खेळ, आपल्यालाच! त्यानं मनात पहिलं आलं ते नाव लिहिलं, पुसलं.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. लपवायचं असतं हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी अक्षरं लावली आणि वर बघितलं.

“सुलोचना.”

सर्वेशचं हसू तिथंच थांबलं.

सगळं माहीत असून त्याच्या अंगावर काटा आला. ते नाव घरात कुणी घेत नसे. बाबा तर नाहीच नाही.

“कोण रे ही?”

“आई.”

“आहे?”

“…नाही.”

ती काय म्हणते, ती कुठं आहे, रागावलीय की नाही, यातलं काहीच बाईंनी सांगितलं नाही. घड्याळ काढून त्यांनी त्याच्या हातात ठेवलं. त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

“जेवलास का?”

त्यानं मान हलवली. नाही म्हणून.

“आमटीभात आहे घरी. चल.”

आणि पिशवी उचलून त्या फाटकाकडे निघाल्यासुद्धा.

सर्वेश तिथंच उभा. एका हातात मोबाईल, एका हातात घड्याळ. काय करावं त्याला सुचेना.

“उस्ताद… आज तुम्ही मला पुढचा खेळ शिकवणार होतात.”

उस्तादांनी पेरूची नवी फोड कापली.

“मग बाईंच्या मागं जा की.”