कंदिलाचा सांगाडा आणि बंब

दिवाळीचे आकाशकंदील घरोघरी हातानेच बांधले जात, त्या काळातली ही गोष्ट. जनाक्काच्या न्हाणीघरात पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. दिवाळीच्या आदल्या सकाळी त्याच्या शेजारच्या सरपणात गेल्या वर्षीच्या कंदिलाचा सांगाडा येऊन पडला. कागद केव्हाच फाटून गेला होता. उरल्या होत्या त्या बांबूच्या कामट्या.

"या, या," बंब म्हणाला. "तुमच्यावर दोन घागरी पाणी सहज तापेल."

"मी सरपण नाही. मी कंदील आहे."

"अंगावर कागदाचा कपटा नाही, आणि ऐट बघा!"

"कागद दरवर्षी नवाच लागतो. कंदील म्हणजे या कामट्या."

एवढ्यात जनाक्का सरपण मोडायला बसली. ताठ फाट्या तिच्या गुडघ्यावर काडकन मोडल्या आणि बंबात गेल्या. मग तिने सांगाडा उचलला.

"आता बोल!" बंब खदखदला.

"वाकेन," सांगाडा म्हणाला, "पण मोडणार नाही."

तो गुडघ्यावर पार दुमडला, आणि तिचा हात सैल पडताच उसळून पुन्हा होता तसा झाला. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच.

"अगं बाई, याच्यात अजून जीव आहे की!" जनाक्का हसली. तिने जुन्या पातळाचा पिवळा तुकडा शोधून आणला, बंबातले निखारे बाहेर ओढले आणि त्यांवर कणकेची खळ शिजत ठेवली.

"माझ्याच विस्तवावर?" बंब फणफणला.

"जरा बेतानं तापा," सांगाडा म्हणाला. "खळ करपली तर चिकटायची नाही."