साडेनऊ मात्रांची गत

मोरजाईवाडीत गोरोबा नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा हा त्याच्या बहिणीचा शब्द. गावाचा शब्द वेगळा होता, तो इथे लिहिता येत नाही. वय छत्तीस. अंगात कामाची हौस भरपूर, आणि तीच सगळ्यांच्या मुळावर आलेली.

बहीण दिली होती यशवंत मास्तरांना. मास्तरांचा बावीस माणसांचा बँड होता. त्यांची शिस्त अशी, की कागदावर असेल तेवढंच वाजवायचं, डोकं चालवायचं नाही. बावीसच्या बावीस जणांना ही शिस्त फारच मानवली होती. हे सुरांचे कागद कॉम्प्युटरवर तयार करायचं काम मास्तरांनी मेव्हण्याला दिलं. म्हणजे बायकोने द्यायला लावलं.

दर साली यात्रेत दुपारी दोन बँडचा सामना व्हायचा, मोरजाईवाडी आणि खडकेवाडी. प्रत्येकाने एकच गत वाजवायची. थांबला की त्याची पाळी संपली. हरणाऱ्याने वाद्यं उलटी धरून, एकही सूर न काढता, सगळ्या गावातून चालत घरी जायचं. मास्तर अकरा वर्षं असे चालत होते. छातीचा भाता आता पुरत नव्हता, ही त्यांची शेवटची यात्रा. म्हणून त्यांनी साडेनऊ मात्रांची एक गत बांधली होती. खडकेवाडीवाल्यांना ती मोजताही आली नसती.

पण ती कॉम्प्युटरलाही मोजता येईना. त्याला पूर्ण आकडा लागतो. साडेनऊ म्हटलं की अडून बसायचा. मास्तरांनी युक्ती काढली. दोन रेघांमधलं घर दहा मात्रांचं घ्यायचं आणि शेवटची अर्धी मात्रा लपवायची.

"कळलं का?"

"कळलं, दाजी. शेवटची अर्धी मात्रा लपवायची."

पुढच्या आठवड्यात एक वरात होती. गत साधी, आठ मात्रांची. गोरोबाने प्रत्येक घरातली शेवटची अर्धी मात्रा लपवली. बँडने कागदावर होतं तेवढं वाजवलं. नाचणाऱ्यांचा पाय वर असतानाच पुढचा ठोका पडायचा. नवरदेवाचे दोन मामा एकमेकांवर आदळले आणि घोडा नवरदेवाला घेऊन उसात शिरला.

"अरे, आठ मात्रांत काय लपवायचं?" मास्तर म्हणाले. "उगाच काही लपवत जाऊ नकोस. असंल ते सगळं दिसू दे."

"बरं, दाजी. सगळं दिसू दे."

मग पाटलांच्या आजी गेल्या. पंच्याण्णव वर्षांच्या होत्या. एवढं वय झालं की आमच्याकडे बँड लावून नेतात. सुरुवातीला नुसता क्लॅरिनेटचा आलाप होता, बिनतालाचा. कॉम्प्युटर रेघा घातल्याशिवाय राहत नाही, म्हणून मास्तरांनी आलापातल्या रेघा लपवून ठेवल्या होत्या. गोरोबाने त्या शोधून शोधून उघड्या केल्या. ढोलवाल्याला रेघ दिसली की तो दणका देणार. तशी शिस्तच होती. क्लॅरिनेट रडतंय आणि मध्येच ढोल, धाडदिशी. दुसऱ्या दणक्याला खांदेकऱ्यांच्या हातून तिरडी सुटता सुटता राहिली. चौथ्याला थोरला मुलगा फिस्सकन हसला. भाऊबंद अजून त्याच्याशी बोलत नाहीत.

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "माणसं शांत उभी असतात तिथं रेघ दिसता कामा नये."

"एकपण नाही?"

"एकपण नाही."

पुढे शाळेचं संमेलन आलं. सुरुवातीला प्रार्थना. गोरोबाने विचार केला, आणि हेच त्याने करायला नको होतं. प्रार्थनेला पोरं शांत उभी असतात. त्याने सगळ्या रेघा पुसल्या, शेवटची जाड रेघसुद्धा. जाड रेघ म्हणजे थांबा. ती कुठेच दिसेना, म्हणून बँडने प्रार्थना परत वरून धरली. मग परत वरून. पोरं हात जोडून, डोळे मिटून उभी. पाचव्या खेपेला प्रमुख पाहुणे उठून गेले. आठव्या खेपेला हेडमास्तरांनी ट्रंपेटवाल्याच्या तोंडातून ट्रंपेट ओढून काढलं, तेव्हा कुठे संपलं. बावीस शहाण्यांपैकी एकालाही आपणहून थांबायचं सुचलं नाही.

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "गोरोबा, जाड रेघ आली की सगळे थांबतात. यात्रेच्या कागदात ती विसरलास, तर माझी शेवटची यात्रा गेली म्हणून समज."

"नाही विसरणार, दाजी. अक्काची शपथ."

दोन महिने तालीम झाली, ती मास्तरांच्या हातच्या कागदांवर. त्यांवर खोडाखोड फार. म्हणून यात्रेच्या दुपारी ऐन मैदानात गोरोबाने नवे छापलेले कागद वाटले. मास्तरांनी घाईघाईने चष्मा लावून शेवटचं पान उघडलं. जाड रेघ होती. त्यांना इतकं हायसं वाटलं, की त्यांनी मेव्हण्याच्या पाठीवर थाप मारली.

गत सुरू झाली. खुर्च्यांतले पंच सावरून बसले. खडकेवाडीचा मास्तर बोटं मोजायला लागला आणि बोटांतच अडकला. असं काही त्या मैदानात कधी वाजलं नव्हतं.

साडेनऊ मात्रा झाल्या आणि बावीसच्या बावीस जण एकदम थांबले.

मास्तरांनी काठी हलवली. कोणी फुंकेना. पुढचं सगळं प्रत्येकाला तोंडपाठ होतं, झोपेत वाजवलं असतं. ढोलवाल्याने शांतपणे कागदावर बोट ठेवलं. पहिल्या घराच्या शेवटी जाड रेघ होती, चांगली ठसठशीत. तोवर पंचांनी हात वर केला आणि खडकेवाडीने आपली गत धरली. तीच ती, दर सालची.

वाद्यं उलटी धरून बँड गावातून निघाला. बाराव्या वर्षीही लोक ओट्यांवर येऊन उभे होते. देवळापाशी मास्तर गोरोबाकडे वळले. म्हणाले, "अरे, थांबायची रेघ पहिल्याच घरात?"

"शेवटपर्यंत जाता जाता विसरलो असतो, दाजी," गोरोबा म्हणाला. "म्हणून आधीच एक टाकून ठेवली."