घळीपलीकडचा मोह

ही गोष्ट मला नीट आठवते, असे छातीठोकपणे सांगवत नाही. ज्यांच्याकडून ऐकली तेही आता नाहीत. फार जुन्या काळी एका जंगलात खोल घळीपलीकडे मोहाचे झाड होते. त्याची फुले खडकातल्या खळग्यात साचलेल्या पाण्यात पडून आंबत आणि ते पाणी पिऊन वानरे झिंगत. ते कोणत्या वयापासून प्यावे, यावर एकदा कळपात वाद पेटला.

म्हातारा हुप्प्या म्हणाला, "पाच उन्हाळे पाहिलेल्यानेच प्यावे."

"काका, तुम्ही कितव्या उन्हाळ्यात प्यायलात?" एका तरुणाने विचारले. सगळे हसले. शेवटी ठरले, की ज्याला घळीवरून उडी मारता येईल तो मोठा.

एका वानरीचा मुलगा आदल्याच दिवशी पहिल्यांदा पलीकडे पोचला होता. ती म्हणाली, "जाताना तो शुद्धीत असतो हो. येतानाच्या उडीचं काय?"

"बाई, तुझं पोर आता लहान नाही राहिलं," हुप्प्या म्हणाला.

"मी वयाचं विचारत नाही, काका."

संध्याकाळी कळप पलीकडे गेला. वानरीने मुलाची शेपटी धरून त्याला अलीकडेच बसवले. तो रागाने तिला चावला, तरी तिने सोडले नाही.

परतताना हुप्प्या घळीत पडला. वयाने तो कळपात सर्वांत मोठा होता.

गोष्ट ऐकल्यावर बऱ्याच वर्षांनी मी ती घळ शोधून पाहिली. पलीकडचा काठ अलीकडच्यापेक्षा बराच खाली आहे. येताना उडी वर मारावी लागते.