चावीचा पाव फेरा

"थांबा म्हणता, पण ज्याच्याकडे वेळच उरलेला नाही त्यानं काय करायचं?" असं मी दातांच्या एका वृद्ध डॉक्टरांना विचारलं होतं. त्या दिवशी त्यांनी जे शिकवलं, ते सांगण्यासारखं आहे.

एकदा एक आजारी आई आपल्या आठ वर्षांच्या मुलीला, कार्तिकीला, घेऊन त्या डॉक्टरांकडे गेली. ती माझी ताई. मुलीचा वरचा जबडा अरुंद होता, नवे दात एकमेकांवर चढत होते. डॉक्टर म्हणाले, "हाड वाढतंय तोवर फक्त जागा करून ठेवू. मग थांबू. कायमचे दात आले की, बाराव्या-तेराव्या वर्षी तारा लावून ओळ सरळ करू." त्यांनी टाळूला बसणारी एक प्लेट दिली. तिच्या मधोमध बारीक स्क्रू आणि तो कुठल्या दिशेनं फिरवायचा ते दाखवणारा बाण. दर रविवारी प्लेट काढायची, इवल्याशा चावीनं स्क्रूला पाव फेरा द्यायचा आणि परत बसवायची. हे काम ताईनं कुणाला करू दिलं नाही.

पुढे ताईचं दुखणं वाढलं. "कार्तिकीचे दात सरळ झालेले बघायचेत रे," असं ती एकदा बोलून गेली. मी तेवढंच धरून बसलो. एका दुपारी ताई झोपलेली असताना चावी घेतली आणि एका दमात आठ वेळा फिरवली. प्लेट बसेना. दाबून बसवली, तर पोर कळवळली.

तिला उचलून मी दवाखान्यात धावलो. डॉक्टरांनी शांतपणे स्क्रू मागे फिरवला. रागावले नाहीत. मला म्हणाले, "बाहेरच्या बाकावर बसा."

बाकावर चौघं खेटून बसलेले. "जागा कुठंय?" मी विचारलं.

"करा," डॉक्टर दारातून म्हणाले.

मी कडेच्या आजींना रेटलं. पलीकडच्या टोकाचे गृहस्थ पडता पडता वाचले. "अहो पाहुणे, दात काढायला आलोय, हाड मोडून घ्यायला नाही," ते म्हणाले.

"त्यापेक्षा मांडीवरच बस माझ्या," आजी म्हणाल्या.

डॉक्टरांनी मला बाजूला केलं, बाकाच्या टोकाला एक स्टूल जोडलं आणि म्हणाले, "जरा जरा सरकता का?" एकेक जण थोडाथोडा सरकला. जागा झाली. मी बसायला गेलो, तर त्यांनी हात आडवा धरला. "ही आजींच्या नातवाची. तो अजून वाटेत आहे."

मग ते म्हणाले, "हाडही असंच असतं. रेटलं की दुखावतं, सबुरीनं सांगितलं की सरकतं. आणि जे दात अजून आलेच नाहीत, त्यांना आज ओळीत कसं बसवणार? त्यांची जागा राखायची, एवढंच आजचं काम. ते अर्धवट नाही. आजच्यापुरतं ते पूर्ण आहे."

तेव्हा मी तो प्रश्न विचारला. त्यांनी चावी पुसून माझ्या तळहातावर ठेवली. "ही ताईंच्याच हातात द्या."

त्यानंतर अकरा रविवार मिळाले. ताई उशीला टेकून बसायची, कार्तिकी प्लेट धुऊन आणायची. "आई, बाण इकडे आहे."

"दिसतोय हो, बाईसाहेब. तुमच्या जन्माआधीपासून डोळे आहेत मला."

मग दोघी हसायच्या. माझ्या घाईत हे सगळं एका दुपारीच उरकून गेलं असतं. आडव्या धरलेल्या त्या हाताला माझा नमस्कार.

कार्तिकीच्या तारांना अजून चार वर्षं आहेत. तिच्या दातांची जागा मात्र तिच्या आईनं करून ठेवली आहे.

अकराव्या रविवारी ताईच्या बोटांत बळ राहिलं नव्हतं. मी तिच्या बोटांवर माझी बोटं ठेवली, चावी बाणाच्या दिशेनं पाव फेरा फिरवली, आणि थांबलो.